पाचवा हुक

भिंतीला भोक पाडायचं म्हटलं की मी आज-उद्या करत राहतो. हा माझा जुना रोग आहे. बायको म्हणते, तुम्ही स्वतःच्या अंगाला इतकं जपत नाही. खरं आहे तिचं. उभा जन्म मी कारखान्यात सुटे भाग मोजण्यात घालवला. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवायचो आणि ती खोड घरी घेऊन यायचो. गारखेड्यात हा फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माणसासमोर मी एकेक भिंत बोटाने वाजवून पाहिली होती. एक कोपरा पोकळ वाजला तर तिथलं प्लास्टर पुन्हा करून घेतलं. त्यानंतर त्या भिंतींना खिळा म्हणून लागू दिला नाही. आमच्याकडे कॅलेंडरसुद्धा फ्रिजला चुंबकाने चिकटवलेलं असायचं.

पण घरात माणसं राहतात आणि माणसांना कपडे असतात. ते खुर्च्यांच्या पाठीवर, दाराच्या कड्यांवर, पलंगाच्या दांडीवर असे साचत गेले. जेवायला बसायचं तर आधी खुर्चीवरचं जर्किन उचलायचं. बायको वैतागली की मी चिकटवायचे हुक आणायचो. ते चार दिवस बरे राहत. मग पोरीचं दप्तर, पोराचा रेनकोट, असं काही जड पडलं की दुपारच्या शांततेत फटकन आवाज यायचा आणि हुक रंगाचा पापुद्रा घेऊन खाली. मी त्या पापुद्र्याकडे असा बघायचो, जसं कुणाला लागलंय. पोरं हसायची.

मी ज्या घरात वाढलो तिथे असलं काही नव्हतं. करमाडच्या पुढे, रस्ता सोडून आत आमचं गाव. आम्ही मेंढरं राखणारे. घर मातीचं, आणि आत भिंतीला ओळीने सहा खुंट्या, बाभळीच्या. त्या भिंत उभी राहताना, माती ओली असतानाच रोवलेल्या. वडील सांगायचे, भिंत वाळल्यावर खुंटी ठोकली की ती हलते, माती धरत नाही. घरच्या प्रत्येक माणसाला एक खुंटी. आजोबांची, वडिलांची, आईची, चुलत्यांची, आत्याची. पाहुणा आला तर त्याचं सामान बाजेवर. तो दोन दिवसांनी जायचा असतो. पण जो राहायला आला, लग्न होऊन असो की जन्माला येऊन असो, त्याला खुंटी दाखवायची. ‘ही तुझी’ एवढं म्हणायचं की झालं, तो घरचा. आमच्याकडे कुणी गेलं की तेराव्यापर्यंत त्याचं सामान खुंटीवर तसंच राहायचं. तेराव्याला घरातला थोरला ते उतरवायचा आणि खुंटी कुणाची ते सांगायचा.

सहावी खुंटी माझी. मी पोटात असताना ती भिंत चढत होती आणि वडिलांनी, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, एक खुंटी जास्तीची रोवून घेतली. तीही मोठ्या माणसाच्या उंचीवर. लहानपणी मी तिच्याखाली उड्या मारायचो. आबा म्हणायचे, “तुझीच हाय, पळून नाय चालली. हात पोचंल तवा टांग.” सातवीत असताना एक दिवस टाचा वर करून माझा हात पोचला. मी दप्तर टांगलं आणि दिवसभर ते काढलंच नाही. अभ्यास बुडाला म्हणून मास्तरांचा मार खाल्ला, पण त्याचं काही वाटलं नाही.

पुढे शिकलो, नोकरी लागली, शहरात आलो. गावी जाणं म्हणजे रविवारी मोटरसायकलवरून सकाळी जायचं, संध्याकाळी परत. दारात गाडी लावली की हेल्मेट आरशाला अडकवायचो. आबा बाजेवरून म्हणायचे, “टोपडं आत आण की. खुंटी हाय.” हेल्मेटला ते टोपडं म्हणायचे. मी म्हणायचो, “राहू द्या आबा, लगेच निघायचंय.” हे बोलणं आमच्यात इतक्या वेळा झालं की नंतर नंतर ते विचारतात आणि मी उत्तर देतो याकडे आम्हा दोघांचंही लक्ष नसायचं. असं मला वाटायचं.

गेल्या दिवाळीआधी आम्ही घराला नवा रंग काढला. रंगारी असतानाच बायकोने अट घातली, आता हुक बसवल्याशिवाय हा रंगारी घरातून जाणार नाही. मी हरलो. मग मात्र ते काम माझ्या पद्धतीने केलं. टेप घेऊन चौघांचे खांदे मोजले. बायको बुटकी, पोरगा ताडमाड, तर मधली उंची काढली. दाराआडची भिंत निवडली, म्हणजे पाहुण्यांना लोंबणारे कपडे दिसू नयेत. दार उघडल्यावर आदळणार नाही एवढी जागा सोडली. पेन्सिलीने रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. पोरगी म्हणाली, “बाबा, हुक लावताय की पूल बांधताय?”

हुक आणायला शहागंजात गेलो. तिथे एक म्हातारे चाचा आहेत, हार्डवेअरचं जुनं दुकान. मी म्हटलं, हुक दाखवा. त्यांनी चष्मा कपाळावर नेला. “पैले ये बोलो, टांगनेवाले कित्ते?”

“चार.”

“तो पाँच का लेव. घर है, एक जास्ती होना.”

मला पटलं. हेल्मेट रोज चपलांच्या रॅकवर लोळत असायचं. पाचवा त्याला होईल. सागाच्या पट्टीवर पितळेचे पाच हुक, मागून चार स्क्रू, भोकात बसवायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या. मी विचारलं, वजन पेलेल ना? चाचा हसले. “बकरा टांगो. तुम गिरोगे, ये नै गिरता.”

भोकं मीच पाडली. चार भोकं. प्रत्येक भोकाआधी रेघ पुन्हा तपासली. डावीकडून बायको, मी, पोरगा, पोरगी, आणि शेवटी हेल्मेट. मी दार उघडझाप करून दहा वेळा बघितलं. रंगाला ओरखडा नव्हता. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की चहा मीच केला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी धाकट्या भावाचा फोन आला. मेंढरं विकली होती. आबांचे गुडघे गेले होते, भाऊ शेतात आणि कंपनीत अर्धा अर्धा, राखायला कुणी उरलं नव्हतं. भाऊ म्हणाला, “आबा तुझ्याकडं येतो म्हणत्यात, दादा. हितं वाडा रिकामा दिसतो तर त्यांना बघवत नाय.” वाडा म्हणजे मेंढरं कोंडायचं काटेरी कुंपण. मी म्हटलं, येऊ दे की.

आबा आले ते खांद्यावर घोंगडी टाकून. आई गेल्यापासून ते कधीमधी यायचे, पण पिशवी घेऊन. एक धोतर, एक सदरा, दुसऱ्या दिवशी परत. घोंगडी ते केव्हा नेत ते मला चांगलं ठाऊक होतं. मेंढरं घेऊन चार-चार महिने बाहेर पडायचे तेव्हा न्यायचे. राहायला निघालेला माणूस घोंगडी घेऊन निघतो. दारात ती पाहिली तेव्हा मला सगळं कळलं होतं. कळलं नाही असं म्हणून सुटता आलं असतं, पण खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी नळ येणार होता, म्हणून घरात बादल्या, पिंपं, धावपळ. आबा पाय धुऊन आत आले, दार लोटलं आणि दाराआडची पट्टी त्यांना दिसली. एकदम खुलले. जवळ जाऊन सागावरून हात फिरवला. मलाही बरं वाटलं. इतक्या दिवसांत त्या पट्टीचं कौतुक करणारा पहिला माणूस.

“झ्याक केलंस. कुनाची कुठली?”

मी एकेक दाखवलं. ही तुमच्या सुनेची, ही माझी, ही नातवाची, ही नातीची.

“आन् ह्यो?”

“हेल्मेटचा.”

ते हेल्मेटकडे बघत राहिले. घोंगडी अजून खांद्यावरच होती. मग म्हणाले, “बरंय. डोकं सांभाळाया पायजे.”

बायको बादली घेऊन चालली होती, ती थांबली. तिने बादली ठेवली, हेल्मेट काढून रॅकवर ठेवलं आणि म्हणाली, “मामा, द्या ती घोंगडी, इथं टांगते.” आबांनी घोंगडी खांद्यावरून उतरवली सुद्धा. आणि मी म्हणालो, “अगं, पेलायचं नाही त्याला. हुक उपटून येईल. नवा रंग आहे.”

आबांनी घोंगडीची घडी घातली. “नगं, नगं. कशाला उगं भिंत खराब. हितं कडंला ऱ्हातीय.” आणि ती सोफ्याच्या कडेला, जमिनीवर ठेवली.

स्वयंपाकघरात बायको माझ्यावर दात-ओठ खात बोलली. मी म्हटलं, मी काय वावगं बोललो? घोंगडी जड असते. चिंचोक्याची खळ दिलेली असते, तुला काय माहीत. पण वजनाचं ते कारण नव्हतंच. वासाचं होतं. घोंगडीला मेंढरांचा वास येतो. माझं अख्खं बालपण त्या वासात गेलं आणि कारखान्यात लागल्यावर मी तो अंगावरून घासघासून काढला होता. सोबतचे लोक घरी यायचे, सोसायटीची माणसं वर्गणीला यायची. दार उघडलं की आधी तो वास येईल, एवढंच माझ्या मनात आलं होतं. रंगाचं नाव पुढे केलं. आज लिहितानाही माझी मान खाली जाते.

आबा तीन दिवस राहिले. सकाळी उठून घोंगडीची घडी घालून ती कोपऱ्यात ठेवायचे, संध्याकाळी अंथरायचे. सदरा काढला तर तो घडी करून घोंगडीवर. त्यांनी आमच्या घरात कुठेही काही टांगलं नाही. दोरीवर टॉवेलसुद्धा नाही. तो ते गळ्यातच ठेवायचे. मी हे बघत होतो. मनात म्हणत होतो, या रविवारी चाचांकडून एक दणकट हुक आणू, बाल्कनीत लावू, तिथे वास येणार नाही.

रविवार यायच्या आत, चौथ्या दिवशी सकाळी, ते घोंगडी खांद्यावर टाकून दाराशी उभे होते.

“का हो आबा? इतक्यात?”

“जातो. मेंढरांचं बघाया पायजे.”

मेंढरं विकून महिना होत आला होता. ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. मी म्हणायला हवं होतं, कुठली मेंढरं आबा, बसा खाली. माझ्या तोंडातून निघालं, “बरं. मी सोडतो स्टँडवर.” आणि मी त्यांच्यादेखत पाचव्या हुकावरचं हेल्मेट काढलं.

बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. घोंगडी मांडीवर. बस सुटेपर्यंत मी खाली उभा होतो. ते म्हणाले, “जा तू, ड्युटी असंल.” ड्युटी होती. मी गेलो.

त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं. मी म्हणायचो, या की आबा परत. ते म्हणायचे, “येतो की. थंडी सरू दे.” थंडी सरली नाही. पौषात एका सकाळी मी कामावर असताना भावाचा फोन आला. आबा झोपेतच गेले होते.

तेराव्यापर्यंत मी गावातच राहिलो. इतके दिवस सलग त्या घरात मी लग्नाआधी राहिलो असेन. पहिल्या दिवशी माणसांच्या गर्दीत काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं. आबांच्या खुंटीवर घोंगडी होती. तिच्याशेजारची, माझी, रिकामी. बाकीच्या चार, मागच्या माणसांच्या, भावाला आणि त्याच्या पोरांना गेलेल्या, त्यांच्यावर दोन-दोन, तीन-तीन माणसांचे कपडे लोंबत होते. भावाचे, त्याच्या पोरांचे, शाळेची दप्तरं, एका खुंटीवर तर पिशवीवर पिशवी. आणि कोपऱ्यात दोन खिळ्यांना एक दोरी बांधलेली, तिच्यावर भावाच्या बायकोची लुगडी.

मी तिला विचारलं, “ही मोकळी असताना तू दोरीवर का टाकतेस?”

ती भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. “ती तुमची हाय ना, दादा.”

“अगं, पण मी कुठं इथं असतो?”

“मी नवी आले तवा एकदा साडी टांगली होती तिथं. आबा म्हणले, काढ बाय. त्यो आला तर कुठं टांगंल? मग म्या दोरी बांधली.” भाकरी तव्यावर टाकून तिने हात झटकले. “दर दिवाळीला तेल लावायचे तिला. ह्या दिवाळीलाबी लावलं, तुमच्याकडं येयाच्या आदी.”

ती लग्न होऊन आली त्याला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं तिने आबांना भाकरी घातली, शेवटी शेवटी गुडघ्यांना शेक दिला, त्यांची धोतरं धुतली. आणि या घरात तिला ‘ही तुझी’ म्हणून दाखवायला खुंटी नव्हती, कारण ती माझ्यासाठी राखून ठेवलेली होती. मी येत होतो, हेल्मेट बाहेर आरशाला अडकवत होतो, चहा पिऊन परत जात होतो. आबांनी तिच्यावर अन्याय केला. माझ्यापायी केला. मला त्यांचा राग आला आणि मग रडू आलं. बाहेर जाऊन रिकाम्या वाड्याशी उभा राहिलो.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर भाऊ म्हणाला, दादा, तू थोरला, खुंटीचं सांग. घरची पाच-सहा माणसं उभी होती. मी भावाच्या बायकोला पुढे बोलावलं आणि माझ्या खुंटीकडे हात केला. म्हटलं, “ही तुझी.”

ती मागे सरली. “नाय बा. ती नगं. आबांचा शबुद हाय.”

“मग आबांची घे.”

तिने भावाकडे पाहिलं. भावाने मान हलवली. ती कोपऱ्यात गेली, दोरीवरची तिची लुगडी काढायला लागली, आणि काढता काढता पदराने डोळे पुसायला लागली. खुंटी मोकळी करणं माझं काम होतं. मी घोंगडी उतरवली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं सगळं वजन माझ्या हातात आलं. इतके दिवस मी नुसतं म्हणत आलो होतो की ती जड असते. तेवढी जड नव्हती. वापरून वापरून खळ केव्हाच निघून गेली होती, लोकर मऊ आणि विरविरीत झाली होती. मला वाटलं, या वजनाला चिकटवायचा हुकसुद्धा चालला असता.

“ती तुम्ही न्या,” भावाची बायको म्हणाली.

निघण्याआधी मी बाहेर गेलो, गाडीच्या आरशावरचं हेल्मेट आणलं आणि माझ्या खुंटीला टांगलं. बाजेवर बसलो. टोपडं आत आण म्हणणारं कुणी नव्हतं. तेराव्याला आलेली बायको म्हणाली, “निघायचं ना? उशीर होईल.” मी म्हटलं, बसू थोडं. ऊन उतरेपर्यंत बसलो. हेल्मेट खुंटीवर होतं आणि भावाची पोरं त्याच्याकडे नवलाने बघत होती. त्या घरात ते कुणी कधी पाहिलं नव्हतं.

फ्लॅटवर आलो. दार लोटलं. हेल्मेट रॅकवर ठेवलं आणि पाचव्या हुकावर घोंगडी टांगली. पट्टीला हात लावून पाहिलं. मग घोंगडी दोन्ही मुठींत धरून जोर लावून खाली ओढली. पोरगी म्हणाली, “बाबा, काय करताय?” मी अजून जोर लावला. मला खरंच वाटत होतं की ते स्क्रू सुटावेत, गिट्ट्या बाहेर याव्यात, प्लास्टर पडावं. मग मी म्हणू शकलो असतो, बघा आबा, मी सांगत होतो.

काही झालं नाही. हुक जागचा हलला नाही.